नावाची सवारी

गोष्ट सुरू होते ती हळदीकुंकवाच्या वाणापासून, असं म्हणून बापूजींनी शेकोटीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा एक जुडगा सरकवला.

समोर कॉलेजची पोरंपोरी बसली होती. नागपूरहून श्रमदान शिबिराला आलेली, दिवसभर पवनारच्या गल्लीत नाल्या खणून तळहातांना फोड आलेली. त्यांतली गोपिका सगळ्यांत बोलकी. संध्याकाळी ती गढीवर चढून आली होती आणि तेव्हापासून धुसफुसत होती.

"वाकाटकांची राजधानी म्हणतात बापूजी, आणि बघायला काय? मातीचं टेकाड! लोक एवढ्या लांबून येतात तरी कशाला?"

"पाहाले नाई येत, माय. ऐकाले येते. सांगनारा पाह्यजे फक्त."

"आणि भुताची गोष्ट सांगणार असाल तर आधीच सांगते. भूत नसतं."

"मी कुठं म्हनलं असते म्हनून? मी नत्थूचं सांगून राह्यलो. माह्या भिंतीले भिंत लागून घर त्याचं. ऐकाचं असन तं ऐका, नाई तं झोपा. सकाळी नाल्या हायेतच."

पोरं हसली आणि शेकोटीजवळ सरकली.

नत्थू पवनारचाच, पिढ्यान्‌पिढ्या. धाम नदीच्या काठाला त्याचं वांग्याचं वावर. टांगा त्याने घेतला तो भाजी वर्ध्याच्या बाजारात न्यायला. येताना रिकामं यायचं त्यापेक्षा एखादी सवारी घ्यावी म्हणून तो स्टेशनवर थांबू लागला आणि बघता बघता भाजीवाल्याचा टांगेवाला झाला.

त्या वर्षांत वर्ध्याला पाहुणे फार यायचे. गुजरातचे, मद्रासचे, एखादवेळी गोरेसुद्धा. गाडीतून उतरले की दिवसभराचा टांगा करायचे. सकाळी सेवाग्राम, मग मगन संग्रहालय, ऊन उतरलं की पवनार. पवनारला नदी, आश्रम आणि शेवटी गढी. सेवाग्रामला पाहुणे आपापले मान खाली घालून फिरत. आश्रमात गप्प बसत. गढीवर मात्र टांगेवाल्याने तोंड उघडावं लागे. कारण राजधानीचं जे काही होतं ते मातीखाली होतं. दाखवायला काही नव्हतं, सांगायलाच होतं.

आणि सांगावं ते ओमप्रकाशने.

हा ओमप्रकाश स्टेशनमागच्या चाळीत वाढलेला. पवनारला त्याचं ना वावर, ना सोयरं. पण गढीवर उभं राहून त्याने हात लांब केला की महाल त्याच्या बोटाच्या टोकावर उभा राही. "ये देखिए, इधर हाथीखाना. इधर रानी का झरोका." आणि शेवटी ठेवणीतली गोष्ट. राजाच्या दोन राण्या. थोरली जळकी. तिने अवसेच्या रात्री धाकटीला नदीच्या डोहात ढकललं. गोष्ट साफ त्याच्या पदरची. कुठल्या पोथीत नाही, कुठल्या शिळेवर नाही. पण ऐकता ऐकता बाया डोळे पुसत, आणि पुढच्या वेळी त्यांची नातलग मंडळी वर्ध्याला उतरली की आधी विचारत, "ओमप्रकाश का टांगा कौनसा?"

नत्थू ते ऐकायचा आणि त्याचा घास घशात अडकायचा. गाव आपलं. माती आपली. आणि गोष्ट त्याची!

स्टँडवरचे लोकही काही गप्प बसणारे नव्हते.

"काय बे नत्थू, पवनारचा तू, अन् पवनार दाखवते ओमप्रकाश. मंग तू काय दाखवते?"

"तो घोडीचं शेपूट दाखवते ना!"

सगळे हसत. ओमप्रकाश हसत नसे, आणि तेच नत्थूला जास्त लागे. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं. ओमप्रकाश चहा पाजायचा, घोडीच्या नालेला खिळा कमी पडला तर आपला द्यायचा. एकदा तर दोघांच्याही सवाऱ्या एकाच वेळी गढीवर होत्या, तेव्हा तो मागे सरकून म्हणाला, "आज तू बता, यार नत्थू. तेरा गाव है."

सगळे चेहरे नत्थूकडे वळले. नत्थूची जीभ टाळूला चिकटली.

"ही... गढी."

"हां, आगे?"

"पुढं... नदी."

कोणाचं तरी लेकरू फिदकन हसलं. आणि खाली, नदीवर बाया भाजी धूत होत्या, तिथूनही एक हसू वर आलं. ते कुसुमबाईचं होतं, नत्थूच्या बायकोचं. ती कशाला हसली होती कोण जाणे. बायकांच्या घोळक्यात हसायला काय कारण लागतं? नत्थूने तिला कधी विचारलं नाही. पण त्या रात्री त्याला भाकर गोड लागली नाही, आणि त्यानंतरही कधी लागली नाही.

"आता स्टँडचा कायदा समजून घ्या," बापूजी म्हणाले. "त्याच्याशिवाय पुढचं समजनार नाई."

टांगे रांगेत उभे राहत. पुढच्याचा नंबर आधी. घाईत कोणी नंबर तोडला तर चार शिव्या बसत आणि मिटून जाई. पण सवारीने एखाद्याचं नाव घेऊन विचारलं तर ती त्याची झाली, नावाची सवारी. तो हजर नसला तर तिला बाकड्यावर बसवायचं, चहा सांगायचा आणि म्हणायचं, येईल आता. दुसऱ्याची नावाची सवारी टांग्यात घेणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं. जो असं करील त्याच्या घोड्याला स्टँडवर कोणी पाणी दाखवत नसे.

तर रविवार होता. अठ्ठावीस जानेवारी, एकोणीसशे एकोणऐंशी. पौषातली अवस. रथसप्तमी तोंडावर आली होती आणि कुसुमबाईचं हळदीकुंकू व्हायचं राहिलं होतं. तिने नत्थूला सकाळीच बजावलं होतं, "वाणाच्या डब्या आनजो. विसरशीन तं घरात घेणार नाई."

नत्थूने बाजारातून कुंकवाच्या डब्या घेतल्या, फडक्यात बांधल्या, पायाशी ठेवल्या. घरी निघाला. मग वाटलं, रात्रीची पॅसेंजर यायची वेळ आहे, गावाकडचं कोणी असलं तर बरं. स्टेशनवर वळला. थंडी मी म्हणत होती. स्टँडवर एकही टांगा नाही. ओमप्रकाश कोणा आजाऱ्याला घेऊन सेवाग्रामला गेला होता.

गाडी आली. गेली. कोणी उतरलं नाही.

नत्थूने घोडी वळवली, आणि मागून आवाज आला.

"ओमप्रकाश कोण?"

दिव्याच्या खांबापलीकडे एक बाई उभी होती. गडद लुगडं, डोक्यावरून पदर. वय सांगता आलं नसतं. हातात पिशवी नाही, वळकटी नाही.

नत्थूच्या आत काहीतरी करपलं. रात्रीसुद्धा? अवसेच्या थंडीत, उजाड स्टँडवर, माझा टांगा एकटा उभा असतानासुद्धा ओमप्रकाशच?

त्याने म्हणायला हवं होतं, बसा बाई, येईल तो. तोंड उघडलं तेही हे म्हणायलाच. बाहेर निराळंच पडलं.

"मीच."

बापूजी थांबले. "रात्रीच्या पहिल्या हाकेले ओ देऊ नये म्हनते आपल्याकडं. यानं तं दुसऱ्याच्या हाकेले ओ देल्ली."

"राजधानी दाखवतोस म्हणे," बाई म्हणाली.

"दाखवतो ना. पण बाई, अंधारात काय दिसन? उद्या सकाळी..."

"मला दिसेल."

ती मागच्या बाजूला बसली. भाड्याचं तिने विचारलं नाही, यानेही काढलं नाही. घोडी निघाली. नागपूर रोडवरचे शेवटचे दिवे मागे पडले, टांग्याखालचा कंदील तेवढा रस्त्यावर हलत राहिला. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली पऱ्हाटी वाळून उभी होती.

"सांग," बाई म्हणाली.

"काय?"

"जे सगळ्यांना सांगतोस ते."

आणि नत्थू सांगू लागला.

ती गोष्ट त्याने इतक्यांदा चोरून ऐकली होती की झोपेतही आली असती. पण आज पहिल्यांदा कोणीतरी ती त्याच्या तोंडून मागत होतं. गढीवर अडकलेली जीभ आता सुटली. हाथीखाना सांगितला, झरोका सांगितला. आपलाच आवाज त्याला अंधारात भरदार वाटला. मग राण्यांवर आला. ओमप्रकाश थोरलीला एका वाक्यात उरकायचा, जळकी होती म्हणून. नत्थूला तेवढ्यावर थांबवेना. थोरलीच्या पोटात काय पेटतं ते त्याला ठाऊक होतं.

"महाल तिच्या माहेरचा, बाई. माती तिची. अन् लोक येऊन कोनाले पाहात? धाकटीले! थोरली दिवाबत्ती करे, अन् उजेडात बसे धाकटी. अन् धाकटी वाईट असती तं बरं होतं. चांगली होती. गोड बोले. त्याचाच जास्त राग. थोरलीले घास उतरेना. हसू आलं कुठून, तं वाटे मलेच हसून राह्यले. मंग एका अवसेले तिनं वाणाचं निमित्त केलं. धाकटीले घाटावर बलावलं. धाकटीनं पदर पसरला वाण घ्याले... अन् थोरलीनं दोन्ही हातानं..."

त्याने लगाम सोडून दोन्ही हात पुढे लोटले. वाण त्याने आत्ताच, पायाशी गाठोडं पाहून घातलं होतं. ओमप्रकाशच्या गोष्टीत ते नव्हतं. नत्थू मनातल्या मनात खूश झाला. अशी गोष्ट ओमप्रकाशच्या बापालाही जमली नसती.

मागून काही आलं नाही. हुंदका नाही, उसासा नाही.

मग बाईने विचारलं, "कोणी पाहिलं?"

"आँ?"

"ढकलताना. कोणी पाहिलं?"

"बाई... गोष्ट हाय ते."

"रोज सांगतोस?"

"...हो."

"सगळ्यांना?"

"हो..."

"तू, ओमप्रकाश."

घोडीचे कान मागे वळले. नत्थूला वाटलं, आता म्हणावं. नाई बाई, मी नत्थू. तो दुसरा. पण म्हणायचं तर खोटं कबूल करायचं. आणि आत्ताच जी गोष्ट एवढी रंगली, ती पुन्हा ओमप्रकाशची होऊ द्यायची.

"...हो. मीच ओमप्रकाश."

पवनार जवळ आलं. नदीचा गारवा लागला. गावात कुठे दिवा दिसेना.

"इथून डावीकडे," बाई म्हणाली.

"तिथं रस्ता नाई, बाई."

"आहे."

घोडी त्याने न वळवता वळली.

चाकं खडखडली. खाली माती होती, पण आवाज फरसबंदीचा आला. बाई हळू बोलत होती, जणू स्वतःशी. इथे तेलाचे दिवे. इथे फुलवाल्या. इथे दार... वाक जरा. नत्थू वाकला. का वाकला ते त्याला कळलं नाही. डोक्यावरून काहीतरी थंड सरकून गेलं. वर फक्त चांदण्या होत्या.

मग आवाज थांबला. चाकं भुसभुशीत मातीत रुतली. कंदिलाच्या उजेडात त्याला वांग्याची झाडं दिसली. आपली वांगी. आपला बांध. त्याच्या जिवात जीव आला. माहं वावर, असं ओठावर आलं...

पण ओमप्रकाशला पवनारला वावर कुठे होतं?

"हे कोणाचं?" बाईने विचारलं.

"...नत्थूचं."

"कोण नत्थू?"

"हाय एक. टांगा चालवते."

"कसा आहे?"

नत्थूने लगाम हाताला गुंडाळला.

"कसा आहे?"

"...जळते तो."

"कोणावर?"

अंधार. घोडीचा श्वास. दूर नदीचं पाणी.

"माह्यावर," नत्थू म्हणाला.

मग मागची फळी करकरली, कोणी पुढे वाकावं तशी. आवाज त्याच्या कानाच्या अगदी मागून आला. त्यात राग नव्हता. माहेरचं माणूस भेटल्यावर असतं तसं काहीतरी होतं.

"मग मला ओमप्रकाश नको. नत्थूकडे ने."

त्याने चाबूक मारला की घोडी आपणच उधळली, ते सांगता येत नाही. बांधावरून टांगा उडाला. कंदील विझला. डब्यांचं गाठोडं कुठे पडलं कळलं नाही. घराच्या अंगणात घोडी फेस गाळत थांबली तेव्हा दार उघडून कुसुमबाई कंदील घेऊन बाहेर आली.

"एवढा उशीर? डब्या आनल्या का?"

तिने कंदील वर केला. त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. आणि पदर नीट करून, पाहुण्यासमोर बोलतात तशा आवाजात म्हणाली,

"अवो, त्याईले बाहेर काऊन बसवून ठेवलं? आत या म्हना ना."

नत्थू वळला.

मागे कोणी नव्हतं.

बापूजींनी पऱ्हाट्या पुढे सारल्या. ठिणग्या वर गेल्या.

"कुसुमबाईले नंतर इचारलं मी. ते म्हने, मले वाटलं कोनी हाय. अंधार होता. बस."

"आणि नत्थू?" एका पोराने विचारलं.

"आठेक दिवस तापला. मंग गेला स्टँडवर. कोनी काई म्हनलं नाई त्याले, कोनाले मालूमच नव्हतं. त्यानंच एक दिवस ओमप्रकाशच्या पायावर डोकं ठेवलं अन् सारं सांगतलं. ओमप्रकाश हसला, म्हने जाने दे यार, सवारीच तं होती. पन त्या दिवसापासून त्यानं राण्यायची गोष्ट बंद केली. अन् नत्थूचा नंबर आला का लोक येत, पायदानावर पाय ठेवत, अन् खाली घेत. मागच्या टांग्यात जाऊन बसत. एका म्हाताऱ्याले मी इचारलं, काऊन जी? तो म्हने, यात सवारी बसली आहे ना. मी म्हनलं, पाह्यली का तुम्ही? तं म्हने, नाई, पन टांगा भरलेला वाटते."

"मग?"

"मंग काय. दिवाळीच्या आतच घोडी विकली. आता वावरात असते. बोलत नाई फारसा. पन जळत नाई आता कोनावर, हेही खरं."

गोपिका एवढा वेळ गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. आता तिने मान वर केली.

"बापूजी, ही मनाची भीती आहे. अपराधीपणा. माणूस चोरी करतो आणि त्याचं मनच त्याला पछाडतं. त्यात भूत कुठे आलं?"

"नाईच आलं. मी तं तेच म्हनतो."

"मग तुम्ही सांगता कशाला? उद्या ही पोरं नदीवर जायला घाबरतील."

"टांगा हाय अजून," बापूजी शांतपणे म्हणाले. "घोडी विकली. टांगा कोनी घेतला नाई. त्या गोठ्यामागं उभा हाय. बॅटरी हाय ना तुह्यापाशी? पाहून ये."

ती ताडकन उठली. तिच्यामागे आणखी दोघं गेली, हसत, एकमेकांना ढकलत. शेकोटीजवळच्यांना बॅटरीचा उजेड गोठ्याच्या कुडावरून सरकताना दिसला. मग तो एका जागी थांबला. हसणं थांबलं.

घोडा सोडलेला टांगा पुढे झुकतो, दांडे जमिनीला टेकतात. मागे कोणी बसलं तरच ते वर उठतात. इथे दांडे आभाळाकडे होते. मागच्या बाजूला पोतं नव्हतं, दगड नव्हता, दोरी नव्हती. फळीवर धूळ होती आणि धुळीवर कशाचाही ठसा नव्हता.

गोपिकाने दोन्ही हातांनी एक दांडा धरला आणि सगळं वजन टाकून खाली दाबला. तो खाली आला, जमिनीला टेकला. तिने हात सोडले.

थोडा वेळ काही झालं नाही.

मग दांडा हळूहळू वर जाऊ लागला... घाई न करता... जसं पुढे ओणवं झालेलं कोणीतरी पुन्हा निवांत मागे टेकून बसतं.